मोटार लावू नका

५ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. आईलाही नमस्कार, तिचा तिला वेगळा काढून द्या. नाहीतर दोन्ही तुम्हीच ठेवून घ्याल.

मी सुखरूप पोचले. वसतिगृहात खोली दोघींची आहे. माझी जोडीदारीण इथे येण्याआधी स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. आंघोळीला जाते तीसुद्धा घोषणा करून आणि उशीर झाला तर दिलगिरी व्यक्त करते. सगळे तिला घोषणाच म्हणतात.

विमानांना चढा-उतरायची वाट द्यायला आम्ही शिकतो तो टॉवर खोटा आहे. अर्धगोल खोली, भिंतभर पडदे, त्यावर रनवे, गवत आणि मनाला येतील तसे ढग. शेजारच्या खोलीत आमच्यातलेच काही जण कानाला हेडफोन लावून वैमानिकांचे आवाज काढतात. प्रत्येक विमानाची एक अरुंद कागदी पट्टी असते, ती प्लास्टिकच्या खाचेत ठेवून पुढे सरकवायची. विमान गेलं की पट्टी गेली. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही पुन्हाबाई म्हणतो, कारण दिवसातून शंभरदा त्या तेवढा एकच शब्द बोलतात.

पहिला धडा असा, की वैमानिकाने नुसतं हो, समजलं असं म्हटलेलं चालत नाही. आपण जे सांगितलं ते त्याने जसंच्या तसं परत म्हणायचं आणि ते आपण नीट ऐकायचं. चुकलं तर तिथल्या तिथे सुधारायचं. याला रीडबॅक म्हणतात. दुसरा धडा, टेकऑफ हा शब्द उगाच तोंडातून काढायचा नाही. उडायची परवानगी देताना किंवा दिलेली परवानगी मागे घेतानाच तो वापरायचा. एरवी डिपार्चर म्हणायचं. रेडिओच्या खरखरीत बाकीचं वाक्य वाहून जातं आणि तेवढा एक शब्द ऐकून एखादा निघायचा. मी तो आज चारदा वापरला. शिवाय रनवेवर गवत कापणारा ट्रॅक्टर उभा असताना एक विमान उतरवलं. ट्रॅक्टरवाल्याच्या घरी काय कळवू, असं पुन्हाबाईंनी मला अगदी शांतपणे विचारलं.

१२ तारखेला पहिली चाचणी आहे. तीन संधी असतात. तिसऱ्यांदा घसरलं की बॅग भरायची.

संध्याकाळी बाकीच्या मुली फोनला चिकटतात आणि मी एकटी कागद घेऊन बसते. फोनवर माणूस घाईत बोलतं, पत्रात खरं बोलतं, असा तुमचा हुकूम. घोषणाला वाटतं तुम्ही फार मोठे विचारवंत आहात. मी तिचा गैरसमज तसाच ठेवला आहे.

लोभ आहे तो राहू द्यावा, जमल्यास थोडा वर घालावा.
तुमची,
भिंगरी

---

१० जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. ट्रॅक्टरवाल्यासही.

पत्र दुकानात आलं. मी तेव्हा एका शिवणयंत्राचं पोट उघडून बसलो होतो. दोन्ही हात तेलाचे, म्हणून पत्र नाकाने उघडायचा प्रयत्न केला. आई म्हणते तू मूर्खपणा माझ्याकडून घेतलास आणि हुशारी तिच्याकडून. ट्रॅक्टरचं वाचल्यावर तिने हुशारीवरचा हक्क तात्पुरता मागे घेतला आहे.

तुझं ते रीडबॅक आपल्या घरात सुरू केलं. तुझ्या आईची जुनी तक्रार, की मी नुसतं हं हं करतो. आता ती जे सांगेल ते मी मोठ्याने परत म्हणतो आणि मगच उठतो. पहिल्या दिवशी ती खूष होती. दुसऱ्या दिवशी तिने डोक्याला बाम लावला. तुझ्या पुस्तकातला स्टँडबाय हा शब्द तर मला फारच आवडला. थांबा, सांगतो, असा त्याचा अर्थ ना? होही नाही आणि नाहीही नाही. लग्नाच्या वेळीच कुणी हा शब्द दिला असता तर माझी निम्मी भांडणं टळली असती. माळ्यावरचा पंखा खाली काढायचं काम गेले चार दिवस स्टँडबाय आहे.

बाथरूमला मी रनवे ठरवलं आहे. एका वेळी एकच. बाहेर पायपुसण्यापाशी थांबायची रेघ. तुझी आई काल रेघ ओलांडून दारावर थापा मारत होती. मी आतून तिला परतीचा मार्ग सांगितला. ती ज्या दिशेला जा म्हणाली ती तुमच्या नकाशात नसावी.

नाइन या आकड्याला नाइनर म्हणतात असं तू जाण्याआधी सांगितलं होतंस, तेही लागू केलं. नऊ नंबरच्या सुया मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला तुमची तब्येत बरी दिसत नाही.

मन लावून शीक. आशीर्वाद संपत आले तर कळव, साठा भरपूर आहे.
तुझे,
बाबा

---

१५ जून

चि. भिंगरीस,
अ. आ. पत्र मी लिहिते आहे हे बाबांना कळू देऊ नकोस.

तुझ्या त्या शिक्षणाने माझ्या घराची धर्मशाळा झाली आहे. सांगितलेलं परत म्हणायचं इथवर ठीक होतं. पण हा माणूस मुद्दाम चुकीचं म्हणतो आहे. मी म्हटलं खिडकी लावा. ह्यांनी गंभीर चेहऱ्याने फिरकी लावा असं म्हटलं आणि माझ्या मशीनला नवी फिरकी बसवून दिली. पाऊस आत आला तो आलाच. मी म्हटलं शेजारीण बरी नाही, जाऊन विचारपूस करा. तर म्हणाले शेजारीण घरी नाही, मग कशाला जायचं. ती बिचारी तापाने फणफणली होती आणि आता माझ्याशी तुटक बोलते. माझा भाऊ शनिवारी जेवायला येणार होता. ह्यांनी रविवारी असं म्हणून दाखवलं, मी चिडून गप्प बसले आणि शनिवारी दुपारी हे दुकानाला कुलूप लावून बाजारात. पाहुणा दारात आणि घरात मी एकटी.

बरं, चूक दाखवली की हसतात. इतके हसतात की डोळ्यांत पाणी येतं. मला काही ही थट्टा कळत नाही. तिशीतही एवढा वाह्यातपणा नव्हता. तू त्यांना तुझ्या भाषेत दम दे, तुझं ऐकतात.

आणखी एक. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई सात-आठ महिने दुकानात फिरकल्या नाहीत. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांचं नाव काढलं की बाबा उठून दुसरीकडे जातात. तुला काही ठाऊक आहे का?

तुझी चाचणी झाली असेल. कशी झाली ते लिही. गरम पाणी मिळतं ना? केस ओले ठेवून हेडफोन घालू नकोस.

तुझी,
आई

---

१९ जून

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. आज थट्टा कमी आहे, खुर्ची ओढून बसा.

मागच्या आठवड्यात आमची वैद्यकीय तपासणी झाली. कानाची तपासणी एका बंद पेटीत करतात. आत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. बाहेर डॉक्टरीणबाई आलेख काढतात. मी त्यांना विचारलं, की एखाद्याला आवाज ऐकू येतो पण शब्द चुकतात, असं होतं का. त्या म्हणाल्या नेहमी होतं. वयाबरोबर वरच्या पट्टीतलं ऐकणं आधी जातं. स्वर कानात शिरतात, व्यंजनं बाहेर राहतात.

आता हे पाहा. खिडकी, फिरकी. बरी, घरी. शनिवारी, रविवारी. काना-मात्रा सगळ्या जागच्या जागी, अक्षरं तेवढी हरवलेली. इतकी पद्धतशीर थट्टा करायला माणूस व्याकरणाचा मास्तर हवा, आणि तुम्ही शाळेत व्याकरणातच नापास झाला होता हे आजी सगळ्यांना सांगायची. ही यादी माझ्यापर्यंत कुणी पोचवली ते विचारू नका. शपथ घातली आहे.

मग मला फोनचा तो हुकूम आठवला. पत्रात माणूस खरं बोलतं म्हणे. बाबा, तुम्हाला फोनवर माझं बोलणं कळत नाही. हो ना? कधीपासून?

इथे एक गोष्ट शिकवतात. विनंती वेगळी आणि सूचना वेगळी. विनंतीला वैमानिक नाही म्हणू शकतो. सूचना मात्र परत म्हणून दाखवायची आणि पाळायची. तर ही सूचना. कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि तपासून घ्या. उलट टपाली शब्दशः परत लिहून पाठवा. आईला मी काही सांगितलेलं नाही.

आणि शिंपीणबाईंचं काय झालं आहे?

लोभ असावा, आणि दोन्ही कान माझ्याकडे असावेत.
भिंगरी

---

२३ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. स्टँडबाय.

वरच्या शब्दावर पत्र संपवून लिफाफा चिकटवला होता. मग चहा घेतला आणि पुन्हा फोडला.

आधी तुझं. तू बारा तारखेच्या चाचणीबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात घोषणा नाही, ट्रॅक्टर नाही, पुन्हाबाई नाहीत, कानाच्या पेटीचं मात्र पानभर वर्णन. मी चाळीस वर्षं मशिनं उघडतो आहे. जो भाग नको तितका चकचकीत पुसून आणतात, त्याच्या शेजारचा मोडलेला असतो. तू घसरली आहेस. एकदा की दोनदा तेवढं कळव. मला वाटतं दोनदा.

आता माझं. चार वर्षं झाली असतील. समोर बसलेल्या माणसाचं मला कळतं, ओठ दिसतात. पाठीमागून बोललेलं नुसतं गुणगुणणं होतं. मशीनचं मी बोटांनी ऐकतो. पत्र्यावर तीन बोटं ठेवली की कुठे काय घासतं ते हातात येतं. त्यामुळे दुकान चाललं. तू ते रीडबॅक पाठवलंस तेव्हा वाटलं, बरं झालं, चुकलं तर थट्टा म्हणून खपेल. आईच्या रागावर मी हसलो ते घाबरून, हे तुलाच सांगतो.

शिंपीणबाई त्यांचं पायमशीन घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, मोटार लावू नका, फक्त पट्टा बदला. मी वाकून खाली बघत होतो. मला ऐकू आलं ते मोटार आणि पट्टा. आजकाल सगळेच मोटार लावून घेतात, म्हणून मधलं मी माझ्या मनाने भरलं. लाकडी पाटाला दोन भोकं पाडली, मोटार बसवली, पायाने हलवायची पायपट्टी काढून ठेवली. न्यायला त्या आल्या तेव्हा मशीनवर हात ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. ज्या मशीनवर तीन मुलं वाढवली ते मशीन. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मान हलवली आणि घेऊन गेल्या. आईने त्यांचं नाव काढलं की मी उठून दुसरीकडे जातो. तेव्हापासून बाजारात जाताना मी मागच्या गल्लीने जातो.

म्हणून तुला एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या पुन्हाबाईंना ठाऊक नसेल. मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी स्वतः रचतो. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतं. म्हणून तर माणूस फसतो. तुझे कान शाबूत आहेत, पण तू लहानपणापासून समोरच्याचं वाक्य त्याच्या आधी संपवतेस. वैमानिक काय म्हणणार ते तू तो बोलायच्या आत ऐकलेलं असतं. मग तो खरंच काय बोलला ते ऐकायला कोण उरतं?

मशीन बंद करताना मी प्रत्येक स्क्रूवर खडूचा ठिपका देतो. घट्ट केल्यावर ठिपका. घट्ट केला असेल असं वाटून ठिपका द्यायचा नाही. तुझ्या त्या कागदी पट्टीवर एकेक गोष्ट कानावर पडल्यावरच खूण कर. हात थांबला की जीभ आपोआप थांबेल.

सौदा असा. तू पास झालीस की तिसऱ्या दिवशी मी त्या पेटीत जाऊन बसतो. तोवर आईला काही सांगायचं नाही.

तुझे,
बाबा

---

३ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

दोनदा. तुमचं निदान बरोबर. पहिल्यांदा बारा तारखेलाच आणि दुसऱ्यांदा मी तुम्हाला उपदेश केला त्याच दिवशी सकाळी. आता कळलं ना सूचना एवढी कडक का होती.

दोन्ही वेळा एकच खोट. रनवेच्या तोंडाशी एक विमान उभं. मी त्याला तिथेच थांबायला सांगते. दुसरं विमान उतरायला येत असतं. उभं असलेलं विमान परत म्हणून दाखवतं की रनवेवर येतो, आणि मी ठीक आहे म्हणते. टेपवर माझाच आवाज ऐकवला तेव्हा मी पुन्हाबाईंना सांगितलं की टेप बदलली असणार. त्यांनी टेप पुन्हा लावली, आणि नंतर परत एकदा.

काल तिसरी चाचणी झाली. शेजारच्या खोलीत वैमानिक म्हणून घोषणाच होती. आदल्या दिवशी तिने मला बजावलं की मैत्री खोलीच्या दारापर्यंत, आत ती मला दयामाया दाखवणार नाही. आठ विमानं होती. मी प्रत्येक पट्टीवर ऐकल्यावरच खूण करत होते. विमानाचं नाव, खूण. उंची, खूण. रनवे, खूण. माझा वेग इतका कमी झाला की पुन्हाबाईंनी दोनदा चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. घोषणाने एकदा पाच हजारचं सात हजार केलं, ते मी पकडलं. एकदा वळायची दिशा उलटी सांगितली, तीही पकडली. मग शेवटी एकाला थांब म्हणून सांगितलं, दुसरं उतरायला दोन मैलांवर. घोषणाने स्टेशनवरच्या त्याच गोड आवाजात परत सांगितलं की रनवेवर येते. माझी पेन्सिल पट्टीवर आपटायला निघाली होती, बाबा. ठीक आहे जिभेवर आलंसुद्धा होतं. पण खूण करायची तर शब्द हवा आणि थांबते हा शब्द मला मिळाला नाही. मी दुरुस्त केलं आणि उतरणाऱ्याला वर जायला सांगितलं. पडद्यावर ते विमान दुसऱ्याच्या डोक्यावरून निघून गेलं.

पास. पुन्हाबाईंनी विचारलं की ही खुणांची पद्धत कुठे शिकलीस, मुरलेले लोक असंच करतात. मी म्हटलं, शिवणयंत्र दुरुस्त करणाऱ्याकडे. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

घोषणा रुसली आहे. तिला वाटत होतं मी फसेन आणि तिला रडून माझी समजूत काढता येईल.

आज एक दिवस झाला. तुमचे दोन उरले. सूचना पुन्हा लिहीत नाही, परत म्हणून दाखवा.

भिंगरी

---

१४ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. यावेळी दोन्ही कानांनी.

सूचना: कानाच्या डॉक्टरांकडे जा आणि तपासून घ्या. अंमलबजावणी: गेलो, तपासलं. आईला आदल्या दिवशी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ भांडी आपटली, मग बाहेर येऊन म्हणाली की डॉक्टरांकडे ती बरोबर येणार, कारण मी तिथेही हं हं करीन.

पेटीत मला शिट्ट्या कमी आणि स्वतःचं पोट जास्त ऐकू आलं. आलेख डावीकडे बरा आहे, उजवीकडे जिन्यावरून पडल्यासारखा. आता दोन्ही कानांत चिंचोक्याएवढी यंत्रं बसवली आहेत. पहिल्याच दिवशी मी घरातून पळायच्या बेतात होतो. नळ गळतो, चप्पल चुरचुरते, कागद ओरडतो. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं हे मला आठवतसुद्धा नव्हतं.

तुला काल फोन केला तेव्हा तू रडत होतीस की पलीकडे घोषणा काहीतरी जाहीर करत होती, ते कळलं नाही. यंत्राचा दोष नाही, दोघींचा आवाज एकदम येत होता.

शिंपीणबाईंकडे गेलो. पायपट्टी, चामड्याचा पट्टा आणि भोकं बुजवायला लाकडाच्या खुंट्या, सगळं पिशवीत घेऊन. दारातच कान दाखवले, चूक कशी झाली ते सांगितलं आणि मोटार आत्ता काढतो म्हणून खाली बसलो. त्या म्हणाल्या, मोटार काढू नका. मी उठून समोर उभा राहिलो आणि परत म्हणालो, की मोटार काढू नका असं तुम्ही सांगता आहात, काढा असं नाही. त्या हो म्हणाल्या. हो चालत नाही, पूर्ण वाक्य सांगा, असं मी म्हटलं. तीनदा वदवून घेतलं तेव्हा कुठे पक्कड ठेवली.

झालं होतं असं. पहिला महिना त्यांनी मला रोज शिव्या दिल्या. मग लक्षात आलं की गुडघे दुखायचे थांबलेत. आता दिवसाला दोन झगे जास्त होतात. मग दुकानात का आला नाहीत, असं मी विचारलं. मशीन बिघडलंच नाही तर कशाला यायचं, म्हणाल्या. आठ महिने मी मागच्या गल्लीतल्या चिखलातून गेलो, भिंगरे.

तरी पायपट्टी त्यांनी ठेवून घेतली. त्यांना न विचारता काढली होती, म्हणून ती त्यांच्याच घरी राहील, असं स्पष्ट म्हणाल्या. ते मी परत म्हणून दाखवलं नाही. नुसता नमस्कार केला.

खऱ्या टॉवरवर कधी बसणार ते कळव. ट्रॅक्टर दिसला तर आधी त्याला बाजूला घे.
तुझे,
बाबा

---

१७ जुलै

चि. भिंगरीस,
अ. आ. हेही पत्र बाबांना कळू द्यायचं नाही, पण वेगळ्या कारणाने.

तू पास झालीस त्याचा मला किती आनंद झाला ते फोनवर सांगितलंच आहे. रडलीस तेही मला कळलं. मला कानात काही घालावं लागत नाही.

आता माझी पंचाईत ऐक. बाबा कामात वाकले की जग विसरतात, असं मला इतकी वर्षं वाटायचं. मी त्यांना दुपारचा डबा द्यायला दुकानात जाते ते तुला माहीत आहे. ते पाठमोरे असतात. त्या पाठीशी मी वाटेल ते बोलत आले. हट्टी आहात, पंखा कधी काढणार, सदरा उसवलाय, माझ्या भावाशी नीट बोलत जा. आणि कधी कधी दुसरंही काही. तोंडावर जे या जन्मात बोलणार नाही असं. पाठीला काय, सांगितलं तरी चालतं.

परवा डबा घेऊन गेले. हे मशीनवर वाकलेले, बोटं पत्र्यावर. मी डबा ठेवला, फडकं झटकलं आणि सवयीने तसलंच काहीतरी बोलून गेले. एकच वाक्य. बोलले आणि मग कानातली ती यंत्रं आठवली. मी तशीच फडकं धरून उभी.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. हातातलं काम थांबवलं. म्हणाले, की हे डाव्या कानाने ऐकलं, डावा कान मुळातच बरा आहे. यंत्र कसं चालतं ते बघायचं तर उजव्या कानाची परीक्षा घ्यायला हवी. आणि उजवा कान माझ्याकडे करून, डोळे मिटून बसून राहिले.

दुकानाचं दार सताड उघडं, रस्त्यावर वर्दळ, दुपारचे साडेबारा. मी दार लोटलं आणि जवळ गेले. काय बोलले ते तुला लिहीत नाही.

तब्येत जप. लोभ तुझ्यावर आहेच, वाटणीतला थोडा सध्या तुझ्या बाबांकडे गेला आहे.
तुझी,
आई